डोळ्यातलं काही फेकायचं नाही

डॉक्टर तहसीन देशमुख यांचं नाव तिवसा तालुक्यात कोणी धड घेतल्याचं मला आठवत नाही. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असायचं, 'पॅथॉलॉजिस्ट, राजापेठ, अमरावती'. पण चिठ्ठी घेऊन आलेला माणूस आमच्या लॅबच्या दारात उभा राहून हमखास विचारायचा, "तहसील मॅडम इथंच बसतात का?"

एकदा एक म्हातारेबुवा बायकोच्या गाठीचा रिपोर्ट न्यायला आले. सोबत पिशवीत सातबारा, फेरफाराचा अर्ज आणि भावाविरुद्धची तक्रारही होती. तहसीलच्या मॅडम आहेत तर एका फेऱ्यात दोन्ही कामं उरकतील, असा त्यांचा हिशेब. मॅडमनी आधी गाठीचं सांगितलं. गाठ साधी होती. मग त्यांनी सातबारा मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "बुवा, याच्यात तुमचं नाव जसंच्या तसं हाय. भावानं तुमाले उगाच भेव घातलं. जा घरी, बायकोले चांगली बातमी सांगा."

बुवा पाया पडून गेले. पुढे कितीतरी दिवस त्या गावची माणसं सातबारे घेऊन आमच्याकडे येत राहिली.

आडनावाचाही घोळ व्हायचा. देशमुखबाई म्हणून आलेला माणूस त्यांच्या डोक्यावरची ओढणी पाहून चपापायचा. वऱ्हाडात मुसलमान देशमुख आहेत, पाटील आहेत, हे आम्हाला नवं नाही. पण बाहेरून बदलून आलेल्या डॉक्टरांना ते समजावून सांगावं लागायचं. मॅडम एका वाक्यात संपवायच्या, "वतन आजोबानं खाल्लं, आडनाव तेवढं माह्यासाठी ठेवलं."

मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ होते. आमचं काम लोकांना दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये भिजवायचा, मग मेणात बसवायचा. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे, रंगवायचे. मग ती काच मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायची आणि माणसाच्या नशिबात काय आहे ते तिथे ठरायचं. "ठरत नाई," मॅडम मला दटावायच्या. "ते ठरलेलं असते. आपण फक्त वाचतो. नीट वाचलं तर पुढचं बदलता येते."

मॅडम उंचीने ठेंगण्या. सूक्ष्मदर्शकाशी डोळे जुळावेत म्हणून खुर्चीवर दोन उश्या घेऊन बसायच्या. काच पाहताना कसलंतरी गाणं गुणगुणायच्या. सूर कधीच जागेवर नसायचा. गुणगुणणं थांबलं की माझे हात थांबायचे. गाणं थांबणं म्हणजे काचेवर काहीतरी वाईट आहे. सोमवार ते गुरुवार त्या अमरावतीला असत. उरलेले दिवस अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात, भावाच्या घरी. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "येळ भेटला नाई, बाप्पा. भेटला तवा नवरदेवच म्हातारे झाले होते."

नव्या मुलीला शिकवताना त्या पहिल्या दिवशी एकच काच दाखवायच्या. मलाही दाखवली. "काय दिसते?" मी म्हटलं, काळपट पेशी दिसतात, पण चिरडल्यासारख्या आहेत.

"बरोबर. चिरडल्या हायेत म्हणून नक्की सांगता येत नाई, असं लिहाले पायजे होतं. मी लिवलं, साधा तीळ."

अकोल्यातल्या एका शिंप्याच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा तो डाग होता. तेव्हा मॅडम नुकत्या शिकून आल्या होत्या. दीड वर्षाने शिंपी परत आला तेव्हा डाग पसरला होता आणि डोळा काढावा लागला. डोळ्याच्या पृष्ठभागावरचा काळा कर्करोग, मेलानोमा. फार थोड्यांना होतो, म्हणून फार थोडे डॉक्टर त्याची आठवण ठेवतात. शिंपी वाचला. एका डोळ्याने शिवायला शिकला. मॅडम स्वतः त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, चूक माझी होती. तो म्हणाला, "आजवर कोनत्या डाक्टरनं असं म्हटलं नाई, आपा." त्यानंतर मॅडमचे सगळे पांढरे ॲप्रन त्यानेच शिवले. खिसा मात्र दरवेळी भलत्या बाजूला लावायचा आणि मॅडम तोच ॲप्रन वर्षभर घालायच्या.

त्या काचेपासून त्यांचा नियम तयार झाला. जिल्ह्यातल्या प्रत्येक डोळ्यांच्या डॉक्टरला त्यांनी तो ऐकवला. डोळ्यातलं काही फेकायचं नाही. तीळ असो, मांस असो, राईएवढा तुकडा असो, बाटलीत घाला आणि आमच्याकडे पाठवा.

पण मॅडम घाबरवणाऱ्या बाई नव्हत्या. उलट भीती दिसली की त्यांना चेव यायचा. राजापेठेत ट्यूशन घेणारी एक मुलगी होती. तिचं लग्न तिवशाला ठरलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी सासूच्या लक्षात आलं की मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्यावर, बुबुळाच्या कडेने, तपकिरी झाक आहे. कोणीतरी पेपरात डोळ्याच्या कॅन्सरबद्दल वाचलं होतं. झालं, सोयरीक अडली. डोळ्यांच्या डॉक्टरने काही नाही म्हणून सांगितलं, तरी ते लोक ऐकेनात. मुलीचा बाप रडकुंडीला येऊन आमच्याकडे आला.

मॅडमनी टॉर्च घेतला, मुलीचे डोळे पाहिले आणि पर्स उचलली. "चाल वो," मला म्हणाल्या, "तिवशाले जाऊ."

नवरदेवाच्या घरी आम्हाला बसायला सतरंजी टाकली. मॅडमनी पाणी घेतलं आणि सासूबाईंना जवळ बोलावलं. "वर पाहा. आता नाकाकडं पाहा." टॉर्चचा उजेड पाडला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत तीच तपकिरी झाक. मग सासऱ्यांची पाळी. त्यांनाही होती. आत्याबाईंना सगळ्यात गडद.

"सावळ्या माणसाच्या डोळ्यात असा रंग असतेच," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत सारखा, लहानपणापासून, सपाट. हे अल्लानं घालून पाठवलेलं काजळ हाय. भ्यायचं कवा? एकाच डोळ्यात, मोठेपणी नवा डाग आला, वाढू लागला, उचलल्यासारखा झाला, लाल शिरा त्याच्याकडं धावू लागल्या, तवा. या पोरीचं लग्न मोडता ना? मंग आधी सासूबाईचं मोडा. त्यायले तर चाळीस वर्सं झाली या डागासकट."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. लग्न ठरल्या तारखेला झालं. आम्हाला दोघींना पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

आता बेबीताईंबद्दल. मॅडमच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट, असं त्या स्वतः कधी म्हणाल्या नाहीत, मी म्हणते.

दर सोमवारी मॅडम अमरावतीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात स्वतः बाटल्या घेऊन जायच्या. तिथे डॉक्टर गावंडे ऑपरेशनं करत. हात चांगला, पण घाईचा. त्या दिवशी बाहेर बाकावर एका डोळ्याला पट्टी बांधलेली, चाळिशीतली बाई बसली होती. मॅडमनी सवयीने विचारलं, काय झालं होतं? "डोयात मांस वाढलं होतं, काळं काळं. काढलं डाक्टरनं," ती म्हणाली.

मॅडम सरळ ऑपरेशनच्या खोलीत. "गावंडे, तो तुकडा कुठं हाय?"

"मॅडम, नाखुना होता साधा. उन्हात काम करणाऱ्यांना होतोच."

"काळा नाखुना? मंग तर मले पाहूच द्या."

तुकडा अजून तिथेच होता, रक्ताळलेल्या कापसाच्या बोळ्याला चिकटलेला. मॅडमनी चिमट्याने तो उचलला, पाण्यात धुतला आणि फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी जाड कागदाच्या कपट्यावर अलगद पसरवला. तसाच टाकला असता तर वळून गोळा झाला असता आणि कोणती कड कुठली हे कधीच कळलं नसतं. हे पसरवणं त्यांनी मला शंभरदा करायला लावलं होतं. त्या दिवशी ते का, ते समजलं.

दोन दिवसांनी काच तयार झाली. मॅडम गुणगुणत बसल्या, आणि थांबल्या. मेलानोमा होता आणि एका कडेला पेशी काठापर्यंत पोचल्या होत्या. म्हणजे डोळ्यात अजून शिल्लक होता.

दवाखान्याच्या वहीत पत्ता म्हणून फक्त नाव आणि गाव. बेबीताई वानखडे, तिवशाच्या पुढचं एक गाव. फोन नंबर नाही. पुन्हा यायची तारीख महिनाभराने. "महिना?" मॅडम म्हणाल्या. "उद्या जाऊ."

ती वर्षं वेगळी होती. कापसाची, फवारणीची, शेतकऱ्याच्या आत्महत्येमुळे रोज पेपरात कोणत्यातरी गावाचं नाव येण्याची. गावात अनोळखी माणसं उतरली की ती एकाच कामासाठी आलेली असत. आम्ही एसटीतून उतरलो, मॅडमच्या हातात फाइल, माझ्या हातात बॅग. पारावरच्या बायकांनी फाइलकडे पाहिलं. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "इथं कोनी नाई मेलं, बाई. चौकशी करायची तं पुढच्या गावात जा."

मॅडम तिच्याजवळ गेल्या. "मेलेल्यासाठी नाई आलो, माय. जित्या माणसासाठी आलो. बेबीताई वानखडे कुठी राहते?"

बेबीताई घरी नव्हत्या, संत्र्याच्या रोपवाटिकेत होत्या. पट्टी केव्हाच काढून टाकलेली, डोळा लाल. त्या जंबेरी लिंबाच्या रोपांच्या ओळीत उकिडव्या बसून कलमं बांधत होत्या. जंबेरीच्या खोडावर चाकूने चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीने बांधायचं. याला आमच्याकडे डोळे बांधणं म्हणतात. बेबीताईंचा हात त्या भागात नावाजलेला होता. त्यांनी बांधलेला डोळा वाळत नाही, असं लोक म्हणत. मॅडम त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांची पाच-सहा कलमं होईपर्यंत पाहत राहिल्या.

मग म्हणाल्या, "बेबीताई, मी तुमच्या डोळ्यातून काढलेला तुकडा पाहिला. वाईट बातमी हाय, पण येळेवर आलेली हाय."

त्यांनी सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द वापरला, टाळला नाही. बेबीताईंनी चाकू बाजूला ठेवला. सासू तोवर मागे येऊन उभी राहिली होती. "म्या म्हटलंच होतं," ती म्हणाली, "गरोदर होती तवा ग्रहण पाहिलं हिनं."

"ग्रहण नाई, सासूबाई. नजर नाई. हिनं काई वाईट केलं म्हणून तर अजिबातच नाई."

"मंग मलेच काहून झालं, मॅडम?" बेबीताईंनी विचारलं. आवाज शांत होता.

मॅडम जमिनीवर बसल्या. "पाहा, आपल्या अंगातल्या एकेका पेशीत लिवलेलं असते, कवा वाढायचं, कवा थांबायचं. पेशी नवी होते तवा ते लिखाण उतरवून घेते. उतरवताना एखादं अक्षर चुकते. कवा उन्हानं चुकते, कवा आपोआप चुकते. बहुतेक चुका सुधरवल्या जातात. एखादी राहून जाते."

"म्हंजे एखाद्या झाडाले एकच फांदी येगळी फुटते, तसं?" बेबीताई म्हणाल्या. "सारं झाड तेच, मूळ तेच, पन त्या फांदीचं संत्रं येगळ्याच सालीचं. तिचा डोळा घेऊन बांधला का ते येगळेपन पुढच्या झाडात जाते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग बेबीताईंकडे. "व्हय," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच. मले पंधरा वर्सं झाली शिकवता शिकवता, इतकं सोपं कवा सांगता आलं नाई."

"पन ऊन तं सगळ्याईलेच हाय. सारं गाव उन्हातच."

"म्हणून तर पक्कं सांगता येत नाई. ऊन एक कारण हाय. पण पापणीखाली जिथं ऊन पोचत नाई तिथंबी हा होते. तुमालेच काहून, ते मले माहीत नाई. माहीत नाई ते मी सांगणार नाई. पण चुकीची फांदी कुठं हाय, ते माहीत हाय. ती मुळापासून काढायची. पुढच्या आठवड्यात नागपूरले चला."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात उरलेला भाग मोकळी कड सोडून काढला, कडा अतिथंड करून गोठवल्या आणि मग कित्येक आठवडे औषधाचे थेंब. डोळा वाचला. दृष्टीही वाचली. पुढच्या हंगामात बेबीताई पुन्हा त्याच ओळीत बसून डोळे बांधत होत्या.

डॉक्टर गावंडे रिपोर्ट वाचून स्वतः लॅबमध्ये आले. मान खाली. मॅडमनी त्यांना आपली जुनी काच दाखवली, शिंप्याची. त्या दिवसापासून गावंडे डोळ्यातलं जे काही निघेल ते पाठवू लागले. एकदा तर बाटलीत नुसता पापणीचा एक केस आला. मॅडमनी त्याचाही रीतसर रिपोर्ट लिहिला: 'पापणीचा केस. निरोगी. अभिनंदन.'

काही वर्षांनी आमची लॅब मोठ्या जागेत गेली. नव्या भागीदारांनी सांगितलं, जुने ब्लॉक ठेवायला जागा नाही. नियमाप्रमाणे ठेवायची मुदत संपली, टाकून द्या. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून टेम्पो आला. पत्र्याच्या पेट्यांमध्ये सगळे ब्लॉक भरून त्या जुन्या शहरातल्या घरी घेऊन गेल्या. थोड्याच दिवसांत नोकरीही सोडली.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात मी अकोल्याला गेले. अकोल्याचा मे सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. त्यांचे भाऊ अख्तरभाई ओसरीत उघड्या अंगाने बसून पेपरने वारा घेत होते. मी विचारलं, कूलर बिघडला का? त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. खोली बंद, आतून कूलरची घरघर. आत माणूस कोणी नाही. सगळ्या पेट्या ओळीने मांडलेल्या आणि घरातला एकुलता कूलर त्यांच्याकडे तोंड करून.

"बेटी," अख्तरभाई म्हणाले, "मेहमान तो ये डिब्बे हैं. हम इस घर के चौकीदार हैं."

"मेण मऊ पडलं तर?" मॅडम आतून ओरडल्या. "माणसं घाम पुसू शकतात. ब्लॉकले हात नाईत."

मी मात्र वाईट बातमी घेऊन गेले होते. बेबीताईंच्या कानापुढे गाठ आली होती आणि छातीच्या फोटोत फुप्फुसात लहान ठिपके दिसत होते. नागपूरने त्यांना मुंबईला पाठवलं होतं. गाठीत सुई घालून काढलेला नमुना इतका थोडा आला की कर्करोग आहे एवढंच कळलं. पुढची चाचणी त्यात होईना. मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, या कर्करोगाच्या पेशींत कोणतं अक्षर चुकलंय ते आता पाहता येतं. एका विशिष्ट चुकीवर नवं औषध निघालंय. पण तपासायला पुरेसा तुकडा हवा. आणि बेबीताई आणखी कापायला नको म्हणत होत्या.

मॅडमनी ब्लॉकची नोंदवही उघडलीही नाही. तिसरी पेटी ओढली, झाकण उचललं, दुसऱ्या ओळीतून एक ब्लॉक काढून माझ्या तळहातावर ठेवला. तोच तुकडा. कपट्यावर पसरवलेला, मेणात गारठलेला, जसाच्या तसा.

तो ब्लॉक मी मांडीवर धरून मुंबईला नेला. बर्फाच्या डब्यात. रेल्वेत कोणी विचारलं तर लोणी आहे म्हणून सांगायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. कोणी विचारलं नाही.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मॅडमनी मला एकदाही फोन केला नाही, मी केला तर कणकेचा नाहीतर पावसाचा विषय काढायच्या. निकाल आला तो मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. जे जनुक तपासायचं होतं त्याचं नाव बीआरएएफ, आणि त्यात नेमकी तीच चूक सापडली होती, एकच अक्षर बदललेलं. पलीकडून अख्तरभाईंचा आवाज आला, "आपा, रो क्यूँ रही हो?" आणि मॅडम ओरडल्या, "रडत नाई, हसून राहिली मी! हसून राहिली!"

आठवड्याभरात त्या मुंबईला. बेबीताई पलंगावर बसलेल्या. मॅडमनी त्यांना समजावलं तेव्हा मी तिथेच होते.

"तुमच्याकडं विहिरीवर मोटर हाय ना? लाइनीचा भरवसा नाई म्हणून लोक काय करतात?"

"आटोस्विच लावतात. लाइन आली का मोटर आपोआप चालू."

"बरोबर. आता तो स्विच चालूवरच अडकला. तुमी बंद करून राहिल्या, पण होतच नाई. पानी पुरलं, वावर भरलं, तरी मोटर चालूच. तुमच्या त्या पेशींत तेच झालं. वाढ म्हणायचं बटन अडकलं. हे औषध त्याच बटनावर बसते. सारी लाइन कापत नाई, तेवढंच बटन दाबून धरते."

"आणि पुना सुटलं तं?"

"सुटू शकते. खोटं नाई सांगत. कधी कधी पेशी दुसऱ्या वाटेनं मोटर सुरू करतात. मंग दुसऱ्या वाटेवर दुसरं औषध. पण आधी हे."

औषध तेव्हा इथल्या बाजारात नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी कंपनीला लिहून ते बेबीताईंच्या नावाने परदेशातून मागवलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या पंधरा दिवसांत बेबीताईंच्या गालाची कातडी उन्हाने सोलून निघाली. त्या औषधाने ऊन अजिबात सोसत नाही. मॅडमनी फोनवर त्यांना रागावून लांब बाह्यांचा शर्ट, टोपी आणि छत्री वापरायला लावली. सासूनेच ती टोपी शिवली. पण महिना उलटला तेव्हा बेबीताईंनी कानापुढे बोट फिरवलं आणि त्यांना गाठ सापडेना. त्यांनी सासूला बोलावलं. सासूलाही सापडेना. मग शेजारणीला. सगळ्या गावाने त्या एका कानापुढचा गाल चाचपून पाहिला, असं बेबीताई सांगत. पुढच्या तपासणीत फुप्फुसातले ठिपकेही विरले होते. डॉक्टरांनी पुढे दुसरं औषधही जोडलं, बटन सुटू नये म्हणून. आज इतकी वर्षं झाली. बेबीताई दर काही महिन्यांनी तपासायला जातात आणि काही सापडलं नाही म्हणून रिकाम्या हाताने परत येतात.

गाठ विरली त्या वर्षी अमरावतीत डॉक्टरांची सभा झाली. मॅडमनी बेबीताईंची हकीकत मांडली. मोठमोठ्या इंग्रजी पदव्या असलेले डॉक्टर पुढे बसलेले. एकाने विचारलं, जनुकातला हा बदल रुग्णाला समजावायचा कसा? मॅडम म्हणाल्या, "मले नाई येत. थांबा," आणि पाठीमागे बसलेल्या बेबीताईंना माइक दिला. बेबीताईंनी उठून संत्र्याच्या वेगळ्या फांदीचं सांगितलं, दोन मिनिटांत, न अडखळता. टाळ्या वाजल्या तेव्हा त्या मॅडमकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे लोक टाया काहून वाजवून राहिले? हे तं आमच्यात पोट्ट्याईलेबी माहीत हाय." माइक चालूच होता.

मॅडम मागच्या वर्षी गेल्या, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांच्या पेट्या आता एका मेडिकल कॉलेजने जपून ठेवल्या आहेत, एसी लावून. अख्तरभाईंनी त्यांना कूलरही देऊ केला होता.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. बेबीताईंनी तिवशाजवळ स्वतःची रोपवाटिका काढली होती, हिरव्या जाळीच्या सावलीत, आणि फीत कापायला मॅडमना बोलावलं होतं. मॅडमनी फीत कापली आणि मग हट्ट धरला, मी पण एक डोळा बांधणार. चाकू घेतला, साल फाडली, बोट कापून घेतलं. बेबीताई भर माणसांत त्यांच्यावर ओरडल्या, "इतकी शिकलेली बाई, आन चाकू असा धरते?" मॅडम बोट तोंडात घालून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

परतताना डांबरी रस्त्यापर्यंत जायला रोपांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. मॅडम चालकाच्या शेजारी बसायला तयार होईनात. मागे रोपांमध्ये चढून बसल्या, मांडीवर दोन रोपं घट्ट धरून. ट्रॅक्टर सुरू झाला, काळ्या मातीची धूळ उठली. आम्ही हात हलवत होतो, पण त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या ट्रॉलीच्या पत्र्यावर थापा मारत चालकाला मोठ्याने सांगत होत्या, "अजून जोरात चालव ना! काहून रेंगाळून राहिला? माही गाडी चुकवतो का तू?" आणि ट्रॅक्टर खरंच जोरात निघाला.